अंदाजाने भरलेली पावलं

माझ्या आजारात झटका येत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हटलं की लोक विचारतात, अ‍ॅटॅक कधी आला होता? मला कधीच आला नाही. माझा प्रकार सरळ उताराचा. गेलेली गोष्ट ती गेल्यावर बऱ्याच दिवसांनी लक्षात येते, घरातला लहान चमचा हरवावा तशी. एक दिवस शोधायला जावं तर नसतो, आणि कधीपासून नाही ते कोणीच सांगू शकत नाही.

ज्यांच्या फाइलवर 'प्रोग्रेसिव्ह', म्हणजे वाढतच जाणारा, हा शब्द आला आहे आणि ज्यांचे नातेवाईक आता रोज मोबाइलवर नव्या औषधाची बातमी पाठवताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. मुलुंडला घरीच आठवी ते दहावीच्या गणिताचे क्लास घेते. कोणतं औषध घ्या हे सांगणार नाही. असली बातमी मी आधी कशी चुकीची वाचली, तेवढं सांगते.

सुरुवात फळ्यावर झाली. माझी ओळ सरळ असते याचा मला थोडा गर्वही होता. एका संध्याकाळी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, समीकरण खाली चाललंय." वळून पाहिलं तर खरंच, बरोबरच्या चिन्हानंतरचं सगळं घसरत फळ्याच्या कडेला गेलं होतं. मुलं हसली, मीही हसले. मग उजव्या पायातली चप्पल मागे राहायला लागली. मी पुढे आणि चप्पल तिथेच. आधी हाडांचे डॉक्टर, मग कमरेचा एक्स-रे, मग व्हिटॅमिनची इंजेक्शनं, असं सगळं नेहमीच्या क्रमाने झालं. शेवटी अंधेरीच्या एका रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टर मॅडमनी पडद्यावर माझ्या मेंदूतले पांढरे ठिपके दाखवले आणि आजाराचं नाव सांगितलं.

त्या दिवशी मी काय केलं? संध्याकाळची बॅच घेतली. मुलांची प्रिलिम तोंडावर होती आणि घरात नुसतं बसून मी काय करणार होते? हेमंत, माझा नवरा, आत जाऊन मिक्सर लावून उभा राहिला. मुलांना वाटलं टीचरकडे आज चटणी आहे. क्लास सुटल्यावर मी मिक्सर उघडला. भांडं कोरडं होतं. मी झाकण परत लावलं.

*

नवीन गोळीची ट्रायल आहे हे मॅडमनीच सांगितलं. "तुमच्या प्रकाराला औषधं फार नाहीत. ही गोळी तुम्हाला मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर उपयोग होईलच असंही नाही," त्या म्हणाल्या. इतकं सरळ बोलणारं माणूस मला पटतं. मी सही केली.

काही जणांना खरी गोळी, काही जणांना दिसायला तशीच खोटी. कोणाला कोणती ते कॉम्प्युटर ठरवणार. मला कळणार नाही, मॅडमनाही कळणार नाही. गणिताच्या बाईला हे अगदी योग्य वाटलं. तुलना करायची तर अशीच करायला हवी. पण त्या दिवसापासून माझ्याबरोबर आणखी एक बाई चालायला लागली.

तिला मी 'दुसरी' म्हणते. माझ्याच वयाची, माझ्यासारखाच उजवा पाय ओढणारी. माझ्याकडची गोळी खरी असेल तर तिची खोटी, आणि माझी खोटी असेल तर तिची खरी. उताराच्या आजारात औषध घेऊन कोणी उठून पळायला लागत नाही. फार तर उतार थोडा कमी होतो. त्यामुळे गुण आला की नाही हे स्वतःकडे बघून कळत नाही. औषध घेतलं नसतं तर आज कुठे असते, हे ठाऊक असावं लागतं, आणि ती जागा फक्त दुसरीला ठाऊक. बाथरूममध्ये दांडीला धरून उभी राहिले की ती कधी माझ्यापुढे असते, कधी मागे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी फरशीवर घासत येणारी चप्पल ऐकून मी मागे वळून पाहिलेलं आहे. आवाज माझ्याच चपलेचा होता.

*

दर काही महिन्यांनी तपासणीचा दिवस यायचा. उपाशीपोटी रक्त, मग कॅंटीनची इडली, मग चालणं आणि हात. चालण्यासाठी रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये पंचवीस फुटांवर दोन पट्ट्या चिकटवलेल्या. मी चालायला लागले की वॉर्डबॉय स्ट्रेचर बाजूला थांबवून धरायचे, लग्नाची वरात जातेय अशा अदबीने. हातासाठी एक छोटी पाटी, तिला नऊ भोकं. वाटीतल्या नऊ काड्या एकेक करून भोकांत घालायच्या, पुन्हा काढायच्या. फिजिओ घड्याळ लावून बसलेली. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असा तिला नियम होता आणि तो ती पाळायची.

तिथल्या बाकावर वंदना भेटली. गोवंडीला राहणारी, मूळची लातूरकडची, कोर्टात लघुलेखक. साहेब बोलतील ते शब्दन् शब्द उतरवून घेणं हे तिचं काम, आणि तिचा नेमका उजवा हातच जड होत चालला होता. माझ्याच ट्रायलमध्ये, माझ्याच प्रकारचा आजार. पहिल्या भेटीत 'अहो', दुसऱ्या भेटीत 'अगं'. मी तिला दुसरीबद्दल सांगितलं तेव्हा तिने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हणजे मीच असेन ना ती? एवढं कशाला मनात शोधतेस, शेजारी बसलेय की."

आम्ही दोघी हसलो. पण त्यानंतर मी तिची चाल बघायला लागले. तीही माझी बघत असणार.

*

हेमंत अंधेरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे, साचे बनवतो. पहिल्या तपासणीच्या वेळी तो दारात उभा राहून काड्यांची पाटी बघत होता. पुढच्याच आठवड्यात कारखान्यातून तशीच पाटी बनवून आणली. भोकांची खोली, काड्यांची जाडी, सगळं नजरेने मापलेलं.

"हुबेहूब आहे. हाताला फरक कळणार नाही बघ," तो म्हणाला.

कशाला, हे मी विचारलंसुद्धा नाही. आमच्या घरात परीक्षा म्हटली की आधीच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. आईने माझ्याकडून सोडवून घेतल्या, मी आता बाहेरगावी असलेल्या माझ्या मुलीकडून घेतल्या, आणि बाहेरच्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येक मुलाकडून घेते. तयारी न करता परीक्षेला जाणं आमच्याकडे उद्धटपणा समजतात. घड्याळ तर घरात होतंच.

मग सकाळी चहानंतर काड्या, आणि संध्याकाळी बॅचच्या आधी मजल्यावरच्या पॅसेजमध्ये चालणं. हेमंतने पट्ट्या चिकटवल्या. समोरच्या पाटकरकाकूंनी चपलांचा स्टॅंड आत घेतला आणि स्वतः घड्याळ हातात घेऊन दारात स्टूल टाकून बसायला लागल्या. "आज झोपेत चालल्यासारखी चाललीस गं, काल बरी होतीस," असं तोंडावर सांगायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि राग आला की मी जोरात चालायची. वळताना कोणत्या पायावर भार द्यायचा, काडी कोणत्या दोन बोटांत धरली की सटकत नाही, वाटीतली कोणती काडी आधी उचलायची, सगळं बसून गेलं.

पुढच्या तपासणीला माझा हात सुधारला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. फिजिओला चेहरा सांभाळणं जड गेलं. हेमंतने येताना श्रीखंड आणलं आणि पाटकरकाकूंना आधी वाटी नेऊन दिली.

वंदनाला मी पाटीबद्दल सांगितलं. तिने तोंडावर पदर घेतला. "अगं, शॉर्टहॅंडची स्पीड परीक्षा आहे का ही? तुला काय सर्टिफिकेट देणारेत?" तिला दर वेळी थोडा जास्त वेळ लागत होता. तिने सराव केला नव्हता. कोर्ट, घर आणि गोवंडीहून अंधेरी, यात सरावाला वेळ कुठला?

मधेच माझ्या रक्ताच्या तपासणीत लिव्हर बिघडल्याचं दिसलं आणि गोळी काही दिवस बंद केली. डोळे पिवळे झाले तर ताबडतोब यायचं, असं बजावून सांगितलं होतं. मी घाबरले होते. हेमंत मात्र खूश. "लिव्हरला लागलं म्हणजे खरीच गोळी आहे. पिठाच्या गोळीने कधी लिव्हर बिघडतं का?" बायकोचं लिव्हर बिघडल्याचा इतका आनंद झालेला नवरा मी दुसरा पाहिला नाही. मॅडम म्हणाल्या, खोटी गोळी घेणाऱ्यांचंही लिव्हर बिघडतं, आयुष्यात आणखी शंभर कारणं असतात. हेमंतने ते ऐकलं नाही.

त्याच सुमारास वंदना कोर्टाच्या जिन्यावरून पडली. खुबा मोडला. ट्रायलला येणं बंद झालं. बाकावर तिची जागा रिकामी असायची, आणि मी सवयीने माझी पर्स मांडीवरच ठेवायची.

*

मग पहिले निकाल आले. ट्रायल पूर्ण व्हायची होती, हे मधले निकाल होते, पण बातमी त्याआधीच सगळ्यांच्या मोबाइलवर पोचली होती. आशेचा किरण वगैरे. माझ्या भावाने, नणंदेने आणि एका जुन्या विद्यार्थ्याने, तिघांनी ती पाठवली.

प्रश्न मोठा होता. पुढच्या टप्प्यात प्रत्येकाला खरी गोळी मिळणार होती. ज्याला थांबायचं त्याने थांबावं, ज्याला पुढे जायचं त्याने सही करावी. लिव्हरचा धोका तोच. मी आधी काय घेत होते ते मात्र अजून गुप्तच राहणार होतं. सही करायची की नाही?

मॅडमनी निकाल माझ्यासमोर ठेवून समजावला. चालण्यात दोन गटांत जो फरक दिसला तो नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, एवढाच होता. हातात फरक होता. खऱ्या गोळीच्या गटाचे हात थोडे कमी घसरले होते. थोडे. आणि हे सगळं पहिल्या टप्प्याचं. माणसं कमी, काळ कमी. मोठ्या ट्रायलमध्ये असे फरक टिकतातही आणि विरूनही जातात.

घरी येईपर्यंत हेमंतचं ठरलं होतं. "हातात फरक पडतो, आणि तुझा हात सुधारलाय. अजून काय पुरावा पाहिजे? सही कर."

मी त्या वेळी प्रिलिमचे पेपर तपासत होते. एका मुलाने संपूर्ण गणित अप्रतिम मांडलं होतं. पायऱ्या बरोबर, आकृती बरोबर, उत्तरही सुंदर चौकटीत. फक्त ते गेल्या वर्षीच्या गणिताचं उत्तर होतं. मी यंदा आकडे बदलले होते. त्याने प्रश्न वाचलाच नव्हता. असली मुलं दर वर्षी असतात, आणि त्यांच्याकडे बघून मी नेहमी एकच म्हणते, याला गणित येत नाही, याला माझा पेपर येतो.

मी लाल पेन खाली ठेवलं. उजव्या हाताकडे पाहिलं.

"हेमंत, माझ्या ब्लाउजचे हुक रोज कोण लावतं?"

त्याने तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा सारखा केला.

"पाटी सुरू केली तेव्हा मी माझे लावत होते."

"हुकाचं वेगळं असतं," तो म्हणाला. "हुक बारीक असतात."

"पोळीचा घास? सुईत दोरा? माझी सही बघ, बॅंकेतून दोनदा परत आलीय. हात सुधारला नाही रे. हाताला काड्या येतात."

तो उठून गेला. आतून मिक्सरचा आवाज आला. या वेळी मी आत जाऊन तो बंद केला. तो ओट्याला टेकून उभा होता. म्हणाला, "मला माहीत होतं. पण आकडा कागदावर होता ना. कागदावर होता म्हणून मी मानत होतो." मी त्याच्या शेजारी टेकले. दोघांनाही उभं राहायला काहीतरी टेकू लागत होता, त्यात आजार एकीलाच होता.

*

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन करून पाटीबद्दल सांगितलं. त्यांनी ट्रायलचं काम बघणाऱ्या बाईंना माझ्या नोंदीत ते लिहून घ्यायला लावलं आणि मला भेटायला बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सरावाने हात चलाख होतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर आकडे धरायच्या आधी काही वेळा नुसतंच करून घेतात. "फक्त घरी कारखाना उघडणारा नवरा आम्ही धरला नव्हता."

"माझ्यामुळे निकाल चुकला का?" मी विचारलं.

"तुमच्या एकटीच्या आकड्याने निकाल हलत नाही. दुसऱ्या गटातही कोणीतरी घरी सराव करत असेल. म्हणूनच गट करतात. पण याचीच दुसरी बाजू लक्षात घ्या. तुमच्या आकड्याने निकाल ठरत नाही, तसं निकालाने तुमचंही ठरत नाही. गटाचे हात थोडे सावरले, एवढंच मला माहीत आहे. तुमचा त्यात आहे का, मला माहीत नाही."

मग मी तो प्रश्न विचारला जो रिकाम्या बाकाकडे बघून मनात घोळत होता. जे मधेच थांबले त्यांचं काय? त्यांना वगळलं?

वगळत नाहीत, मॅडम म्हणाल्या. वगळलं तर निकाल उगाच चांगला दिसेल, कारण सहसा जास्त घसरलेलीच माणसं गळतात. मग ज्या तपासण्या झाल्या त्यांवरून, आणि त्यांच्यासारख्या इतरांवरून, पुढचे आकडे अंदाजाने भरतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या अंदाजांनी, म्हणजे एकाच अंदाजावर विसंबायला नको.

मी मान डोलावली. पद्धत बरोबर होती. गणिताची बाई म्हणून मला त्यात एकही चूक काढता आली नसती. पण बाहेर पॅसेजमध्ये आले तेव्हा पट्ट्यांच्या मधून मला चालवेना. वंदना घरी खाटेवर होती, आणि इथे या पंचवीस फुटांत ती ठरलेल्या तारखांना येत होती, चालत होती, काड्या भरत होती. तिला न सांगता. दुसरी, दुसरी म्हणून मी इतके दिवस जिला घाबरत होते, ती कागदावर खरोखरच होती.

*

वंदनाकडे मी रिक्षाने गेले. गोवंडीत तिच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. उरलेलं अंतर मी हेमंतच्या दंडाला धरून चालले आणि घड्याळ कोणी लावलेलं नव्हतं. ती वॉकर घेऊन दारापर्यंत आली. टीव्हीशेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, खाली तिच्या स्पीड परीक्षांची सर्टिफिकेटं. मी तिला सगळं सांगितलं. पाटी, हुक, निकाल, आणि शेवटी अंदाजाने भरलेले आकडे. ते सांगावं की नाही याचा मी वाटेत विचार केला होता. पण तिच्याबद्दलचीच गोष्ट होती.

ती वॉकर बाजूला ठेवून खाटेवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे मी अजून चालतेय?"

"हो."

"किती जोरात, विचारलंस का?"

"नाही."

"विचारायचं ना गं. एवढी अंधेरीपर्यंत गेलीस." ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "कोर्टात आमच्याकडे नियम आहे. साक्षीदार जे बोलला नाही ते लिहायचं नाही. इथे माझी साक्ष माझ्याशिवाय चाललीय."

हेमंत बाहेर जाऊन उभा राहिला. तिने आवाज खाली आणला. "सही करणारेस?"

मी म्हणाले, अजून कळत नाही. मला फायदा झाला याला पुरावा नाही. झाला नाही यालाही नाही.

"मग मी सांगू? कर. पण ती पाटी फेक. तू तरी तिथे खरी चाल. आपल्यातली एक तरी खरी असू दे."

*

मी सही केली. लोक विचारतात, कशाच्या भरवशावर? भरवसा नाही. हिशोब आहे. पायापेक्षा मला हात जास्त हवेत, गटाचे हात थोडे सावरले, आणि लिव्हर बिघडलं तर ते रक्तात लवकर कळतं, गोळी थांबवता येते. माझ्या जागी दुसरं कोणी नाही म्हणालं तर तेही चूक नाही. फक्त हो किंवा नाही म्हणण्याआधी विचारा की काय मोजलं, कशाशी तुलना केली, आणि जे मधे गळले ते कागदावर कुठे आहेत. आणि घरात आपला हुक कोण लावतं तेही बघा. ती तपासणी कोणत्याच ट्रायलमध्ये नसते.

पाटी हेमंतने कारखान्यात परत नेली. पाटकरकाकूंनी चपलांचा स्टॅंड बाहेर आणला आणि मला म्हणाल्या, त्यांना आता संध्याकाळी करमत नाही.

पुढच्या तपासणीला मी तशीच गेले. वॉर्डबॉयने स्ट्रेचर थांबवलं. मी चालले. मग काड्या. पाटी माझ्या समोर होती, बोटांना अजून थोडं आठवत होतं, पण दोन काड्या टेबलावरून खाली गेल्या आणि एक भोकाशेजारीच थांबून राहिली, आत जाईना. फिजिओने आकडा लिहिला. आधीपेक्षा बराच वाईट. तिने चेहरा सांभाळला. मीही.

बाहेर हेमंतने विचारलं नाही. मीच सांगितलं. त्याने मान हलवली, माझी पर्स घेतली आणि रिक्षा बघायला गेला.

मी बाकावर बसून वंदनाला फोन लावला. आकडा सांगितला.

"माझ्या पुढे की मागे?" तिने विचारलं.

"कळायला मार्ग नाही गं."

पलीकडे वॉकरचा आवाज आला, ती उभी राहत असावी. समोर पॅसेज रिकामा होता. दोन पट्ट्या, आणि मधली पुसून पुसून पांढरी झालेली फरशी.

"चाल तू," ती म्हणाली. "मी आहेच तिथे."